मुदत वाढली

शालनच्या केसांना हौसानं इतकं तेल लावलं होतं, की मी तिला कडेवर घेतलं तेव्हा ते ओघळून माझ्या खांद्यावर आलं. तुरुंगातल्या बायकांच्या विभागाचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर बालगृहाची जीप उभी होती आणि जीपबरोबर आलेला शिपाई सारखा घड्याळाकडे बघत होता. हौसा त्याच्या हातात पोर द्यायला तयार नव्हती. आमच्या महिला शिपाई पाखरेबाई, त्यांच्याही हातात तिनं दिली नाही. तिनं मला ऑफिसातून बोलावून घेतलं.

"कारकूनबाई, तुमीच न्या," ती म्हणाली. "तुमास्नी ती वळखती."

शालन रडली नाही. साडेतीन वर्षांची असताना ती आईबरोबर आत आली होती आणि आता पाच पूर्ण होत होती. जीप बघून ती खूश झाली. आई कुठं बसणार, असं तिनं मला विचारलं. मी तिला पुढच्या सीटवर ठेवलं आणि बाजूला झाले. जीप गेल्यावर मी मागं वळून पाहिलं, तर हौसा दारात नव्हती. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. वाटीत उरलेलं तेल तिनं वाटीसकट भिंतीवर मारलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीच्या सप्टेंबरातली. मी आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण ती वाटी आठवली की अजून माझं डोकं फिरतं. सांगताना आवाज चढला तर चढू द्या.

माझे वडील, सदाशिव कारंडे, त्याच तुरुंगात शिपाई होते. ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून मला कारकुनाची नोकरी मिळाली. मी तेवीस वर्षांची होते, मराठी शाळेतून आणि मराठी कॉलेजातून बी. ए. झालेली. माझ्याकडं आवक-जावक दिली होती. कोर्टाकडून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जायचा. मी नोंद करायची, काय आहे ते दोन ओळींत मराठीत लिहायचं, साहेबांची सही घ्यायची आणि कैद्याला सांगायचं. कागद सगळे इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात मी एका वहीत शब्द उतरवून काढले होते. बेल म्हणजे जामीन. अक्विटल म्हणजे निर्दोष सुटका. डिस्चार्ज म्हणजे खटला चालायच्या आधीच मोकळं करणं. पॅरोल, फर्लो म्हणजे रजा, जायचं आणि परत यायचं. रेमिशन म्हणजे चांगल्या वागणुकीची सूट. रिलीज तर सगळ्यांनाच कळायचा. आतल्या बायका, ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यासुद्धा 'बेल' आणि 'रिलीज' हे दोन शब्द घरच्या माणसांच्या नावांसारखे घ्यायच्या. त्या वहीवर माझा फार भरवसा होता. माणसाला सोडायचं असलं तर इंग्रजीत यातलाच एखादा शब्द येणार, असं मी धरून चालले होते.

हौसाला चार वर्षांची सक्तमजुरी झाली होती. नवरा मेल्यावर दीर तिच्या अंगावर येऊ लागला. एकदा तो दाराची कडी काढून आत आला, तेव्हा तिनं विळा चालवला आणि त्याची तीन बोटं गेली. ती हे काही लपवत नव्हती. मान धरायची होती, हात मधे आला, असं तिनं कोर्टात सांगितलं. त्या एका वाक्यानं तिची शिक्षा वाढली असावी. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला सासरचं कोण येणार? माहेरी कुणी उरलं नव्हतं. म्हणून पोर तिच्याबरोबर आत आली. पण आमच्याकडच्या नियमानं पाच वर्षांपर्यंतच मूल आईजवळ ठेवता येत होतं. पुढं बालगृह.

तुरुंगातूनच तिनं हायकोर्टात अपील केलं होतं. जूनमध्ये ती माझ्याकडे आली आणि आणखी एक अर्ज लिहून द्या म्हणाली. तो अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. मुलीला पाच वर्षं पूर्ण होत आहेत, तिला बाहेर कुणी नाही, तरी अपिलाचा निकाल लागेपर्यंत मला सोडावं, ही विनंती. खाली तिचा अंगठा. अर्ज गेला त्या दिवसापासून ती रोज पाखरेबाईंकडून निरोप धाडायची: कागद आला का? मी रोज नाही म्हणून सांगायची.

बावीस ऑगस्टला कागद आला. दोन पानं, दाटीवाटीनं टाइप केलेली. मी आधी शेवटचा परिच्छेद काढला, कारण हुकूम तिथंच असतो. 'बेल' शोधला, नव्हता. 'रिलीज' नव्हता. मग 'रिजेक्टेड' आहे का पाहिलं, तोही नव्हता. तिथं लिहिलं होतं, दि अपेलंट बी एनलार्ज्ड ऑन हर ओन रेकग्निझन्स, आणि पुढं साहेबांच्या हुद्द्याचा उल्लेख होता. एनलार्ज हा शब्द मी कोर्टाच्या कागदांत दोन-तीनदा पाहिला होता. 'टाइम इज एनलार्ज्ड', म्हणजे मुदत वाढवून दिली. रेकग्निझन्स माझ्या छोट्या डिक्शनरीत नव्हता. मी तो ओळखीशी जोडला आणि सोडून दिला. वर काय लिहिलंय ते वाचत बसले नाही. टपाल तुंबलं होतं, वाचलं असतं तरी अर्धं कळलं नसतं, आणि विचारायला गेलं की साहेब म्हणायचे, बी. ए. कशी झालीस?

मी नोंद केली: 'अपिलाच्या कामी मुदत वाढवली.' कागद गुंजीकर साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते आमचे अधीक्षक. त्यांनी कोपऱ्यात सही केली, खाली तारीख घातली आणि कागद माझ्याकडं परत आला. मी आत जाऊन हौसाला सांगितलं की निकाल नाही, मुदत वाढली.

"किती वाढली?" तिनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

ती म्हणाली, कोर्टाला म्हणावं, पोरीचं वय बी तेवढंच वाढतंय. अकरा दिवसांनी मी तिची पोर कडेवर घेऊन जीपमध्ये ठेवली.

त्यानंतर हौसा बदलली. आधी ती भांडखोर होती. दळण, झाडलोट, पाण्याची पाळी, सगळ्यावरून तिची भांडणं चालायची. आता तोंडच उघडेना. पाखरेबाई म्हणायच्या, भांडली असती तर बरं वाटलं असतं. दोनदा तिनं मला गाठून बालगृहाला पत्र लिहायला लावलं, शालनला रात्री कुशीवर झोपवा, उताणी झोपली की दचकती, एवढंच. उत्तर एकाचंही आलं नाही.

सतरा ऑक्टोबरला हायकोर्टातून दुसरं पत्र आलं, चार ओळींचं. त्यात एकही अवघड शब्द नव्हता. अमुक तारखेच्या हुकुमाप्रमाणे अपेलंटला रिलीज केलं का, आणि केलं नसल्यास का नाही, ते ताबडतोब कळवा.

मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं, मधे एखादा हुकूम आला असेल आणि टपालात हरवला असेल. मी आवक रजिस्टर उघडलं, तारीख लावली. त्या तारखेचा एकच कागद होता. फाइल काढली, दोन्ही पानं टेबलावर पसरली आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. प्रत्येक शब्द लागला नाही, पण दुसऱ्या परिच्छेदात 'चाइल्ड' होता. 'फाइव्ह' होता. 'मदर' होता. माझ्याच अर्जातली वाक्यं तिथं इंग्रजीत उभी होती. न्यायाधीशांनी तो अर्ज वाचला होता, त्या पोरीचं वय ध्यानात घेतलं होतं आणि ती आईपासून तुटू नये म्हणूनच हुकूम दिला होता. मी जवळजवळ पळतच साहेबांकडं गेले.

गुंजीकर साहेबांनी पत्र वाचलं, मग हुकूम वाचला. त्यांना तो वाचायला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"एनलार्ज म्हणजे मोकळं करणे," ते म्हणाले. "जातमुचलक्यावर सोडा म्हणून स्पष्ट लिहिलंय. तुला एवढं कळत नाही?"

जातमुचलका. हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होता. वडील घरी येऊन सांगायचे, आज अमका जातमुचलक्यावर, म्हणजे नुसत्या स्वतःच्या लेखी हमीवर, सुटला. माझ्या आईला सही करता येत नव्हती, पण जातमुचलका म्हणजे काय ते तिला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. तो एक शब्द त्या कागदावर मराठीत असता तर हौसा त्याच दिवशी पोरीचं बोट धरून गेली असती. माझ्या अंगाची लाही झाली, आणि सगळ्यांत जास्त राग मला माझाच आला.

"साहेब, तुम्हाला हा शब्द माहीत होता," मी म्हणाले. "तुमची सही आहे याच्यावर."

"सही म्हणजे कागद पाहिला. वाचून सारांश देणं तुझं काम. मी वाचलं असतं तर मला कळलंच असतं की."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनाच ऐकू आलं. मग त्यांनी आवाज उतरवला. बस म्हणाले. माझ्या वडिलांची आठवण काढली. सदाशिवनं इतकी वर्षं निष्ठेनं नोकरी केली, त्याच्या पोरीचं नुकसान मला करायचं नाही, वगैरे. आणि काय करायचं ते सांगितलं. जुनी नोंद चुकीनं झाली असं लिहून खोडायची. आजच्या तारखेला नवी नोंद घ्यायची, की मूळ हुकूम टपालातल्या विलंबामुळं आज मिळाला. कोपऱ्यातल्या सहीखालची तारीख ते स्वतः बघतील. बाईला आत्ता बोलवायचं, मुचलका घ्यायचा, सोडायचं. कोर्टालाही उत्तर जाईल आणि बाईही सुटेल. कुणाचंच काही बिघडत नाही, असं ते म्हणाले.

आणि मी ते केलं. खोटं कशाला सांगू? मी जुनी नोंद खोडली आणि नवी लिहिली. घरात आई होती, दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि नोकरी वडिलांच्या मरणावर मिळालेली होती. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की हौसा आज सुटतेय, बाकीचं मागाहून बघू.

पाखरेबाई तिला घेऊन आल्या. हात ओले होते, कणीक मळता मळता उठवलेलं दिसत होतं. साहेबांनी खुर्चीवरूनच सांगितलं, बाई, तुझा हुकूम आलाय, इथं अंगठा कर, तू मोकळी.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिनं पाखरेबाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पदराला हात पुसले आणि शाईच्या गादीवर अंगठा टेकवला. अंगठा उठवताना तिचं तोंड वाकडं झालं. रडू आवरत होती. मुचलक्यावर तिचा ठसा उमटला तो मी बघत होते, कारण तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

"दीड म्हयना आदी आला असता कागद, तर पोरीला हितनंच न्हेलं असतं," ती म्हणाली. कुणाला दोष देत नव्हती, स्वतःशीच बोलावं तशी. "नशीब म्हणायचं."

"असतं एकेकाचं नशीब," साहेब म्हणाले. त्यांनी मुचलका पुढं ओढून त्यावर सही करायला पेन उघडलं.

ते तसं बोलले नसते तर मी कदाचित गप्प राहिले असते. तिनं नशीब म्हणणं मला ऐकवत होतं. त्यांनी म्हटल्यावर ऐकवेना.

"नशीब नाही, हौसाबाई," मी म्हणाले. "कागद आधीच आला होता. शालनला नेलं त्याच्या अकरा दिवस आधी."

साहेब म्हणाले, "कुंदा."

"तो मी वाचला होता. मला त्यातला शब्द कळला नाही. तुम्हाला मी मुदत वाढली म्हणून सांगितलं, ते चूक होतं. तुम्हाला सोडा असंच त्यात लिहिलं होतं. साहेबांनी सही केली, त्यांनी वाचला नाही."

हौसाच्या ओठांची हालचाल होत होती, ती मनात काहीतरी जुळवत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजे जीप आली, तवा मी सुटल्याली हुते?"

"हो."

"आन् तू तिला उचलून न्हेलीस."

मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. तिचा हात आला एवढं आठवतं. कणीक चिकटलेला हात होता, गालावर बसला तसा कानात घंटा वाजायला लागली आणि मी टेबलाच्या कडेवर आदळले. तिनं दुसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच ठेवला. पाखरेबाईंनी तिला मागून धरलं, पण धरायची गरज नव्हती. ती आता साहेबांकडं बघत होती.

गुंजीकर साहेब उभे राहिले. मला वाटलं होतं त्यांना राग आला असेल. पण ते एकदम शांत दिसत होते. हरवलेली किल्ली सापडावी तसा चेहरा. त्यांनी मुचलका उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"पाखरेबाई, हिला आत घ्या. सरकारी नोकरावर हल्ला, तीनशे त्रेपन्न. तुमच्या डोळ्यांदेखत झालाय. आता कसली सुटका?" मग माझ्याकडं वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "कुंदा, बस. कागद घे आणि तक्रार लिही. मी सांगतो तशी. तू हे लिहिलंस की ते दुसरं सगळं मागं पडतं. कोर्टाला कळवू, बाई हिंसक आहे, कारागृहातच नवा गुन्हा केला. तुझ्या चुकीबद्दल पुढं कुणी विचारणार नाही."

मी खुर्चीत बसले. कागद समोर होता. गाल जळत होता, डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं. हौसा माझ्याकडं बघत नव्हती. तिनं माफी मागितली असती, हात जोडले असते, तर मला सोपं गेलं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. पाखरेबाईंच्या हातात दंड देऊन ती ताठ उभी होती, आणि तिचा चेहरा सांगत होता, की लिही, लिहायचं असलं तर.

त्या घडीला मला जो संताप आला तसा आयुष्यात पुन्हा आला नाही. जवळजवळ दोन महिने ज्या माणसाला एक ओळ वाचायला सवड झाली नव्हती, त्याला तीनशे त्रेपन्न मात्र लगेच आठवलं. माणसाला अडकवायचे शब्द त्यांना सगळे पाठ होते.

"मला कुणी मारलेलं नाही, साहेब," मी म्हणाले.

"गालावर पाची बोटं उठलीत तुझ्या."

"माझी दाढ सुजलीय."

ते पाखरेबाईंकडं वळले. तुम्ही काय पाहिलं, म्हणून विचारलं. पाखरेबाईंची नोकरीची तीनच वर्षं उरली होती. त्या हौसाचा दंड सोडून थोड्या बाजूला झाल्या.

"मी दाराकडं बघत हुते, साहेब," त्या म्हणाल्या.

मग मी रजिस्टर पुढं घेतलं. नुकतीच केलेली नोंद त्यांच्यासमोर खोडली आणि शेजारी लिहिलं, 'ही नोंद खोटी आहे. हुकूम बावीस ऑगस्ट रोजीच मिळाला.' खाली माझी सही केली. ते म्हणाले, याचा परिणाम तुला कळतोय का? मी म्हणाले, हा शब्द मला कळतो. मुचलका ड्रॉवरमधून काढून द्या, नाहीतर हायकोर्टाच्या पत्राला मी माझ्या नावानं उत्तर धाडते, माझ्या इंग्रजीत.

मुचलका त्यांनी दिला. त्यावर सही करताना पेनाचं टोक कागदात घुसलं. उत्तर मी तरीही माझ्या नावानं धाडलंच. त्यात चुका असतील, पण एक वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासून लिहिलं होतं: आय डिड नॉट नो धिस वर्ड.

पुढं चौकशी झाली. सारांश चुकीचा दिला आणि रजिस्टरात खाडाखोड केली म्हणून मी सात महिने निलंबित होते, मग माझी लांबच्या जिल्ह्यात बदली झाली. गुंजीकर साहेबांच्या सहीबद्दल अहवालात लिहिलं, की कामाच्या व्यापामुळं अनवधान झालं. दोन वर्षांनी ते मोठ्या कारागृहावर बढतीवर गेले. हौसाचा त्या कागदांत फक्त नंबर होता. तिच्या छप्पन्न दिवसांचं काय, असं कुणी कुणाला विचारल्याचं मला कुठं दिसलं नाही. त्याच सुमाराला तिच्या अपिलाचा निकाल लागला आणि भोगली तेवढी शिक्षा पुरेशी धरून तिला कायमचं मोकळं केलं. तो कागद तिनं कुणाकडून वाचून घेतला मला ठाऊक नाही. माझ्याकडं ती आली नाही, आणि योग्यच केलं.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर बालगृहाला गेले. तिकडं पुन्हा कागद दाखवावे लागणार, पुन्हा कुणीतरी पान उलटून 'कळत नाही, उद्या या' म्हणणार, हे मला ठाऊक होतं. तिनं मला ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. सगळ्या वाटेत एकदाच बोलली, तेही कंडक्टरशी.

बालगृहाच्या अधीक्षिकेनं कागद पाहिले आणि अपेक्षेप्रमाणं विचारलं, यात रिलीज कुठं लिहिलंय? मी बोट ठेवून त्या शब्दाचा अर्थ सांगितला. तिनं जाडजूड डिक्शनरी काढून खात्री करून घेतली. त्यात होता.

शालनला आणलं. उवा झाल्या म्हणून तिचं डोकं पूर्ण भादरलेलं होतं. अंगावर मापाला मोठा निळा फ्रॉक. हौसा पुढं झाली तशी ती अधीक्षिकेच्या मागं सरकली.

"मला न्हाई जायाचं," ती म्हणाली. "हितं झोका हाय."

हौसानं तिला जवळ ओढलं नाही. जमिनीवर बसली, तिच्या उंचीला आली आणि म्हणाली, आपुन तिकडं जायाचं न्हाई. आपुन सुटलो.

"सुटलो म्हंजे?" शालननं विचारलं.

ती खरंच विचारत होती. आत बायका दिवसभर ज्या शब्दाच्या नावानं उसासे टाकायच्या, तो तिनं हजारदा ऐकला असेल. पण सुटलेल्या बाईला तिनं फक्त दारापर्यंत जाताना बघितलं होतं. दाराच्या पलीकडं तिचं काय होतं ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

हौसानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. काल गालावर मारलं तेव्हाही तिच्या डोळ्यांत इतका राग नव्हता.

"सांग की," ती मला म्हणाली. "तू शिकल्याली हायस न्हवं? सांग तिला."

मी तोंड उघडलं. बेल, पॅरोल, डिस्चार्ज, सगळ्यांचे अर्थ मला येत होते. पाच वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं त्यात एक अक्षर नव्हतं.

हौसानं पोरीकडं तोंड केलं आणि सावकाश म्हणाली, "सुटलो म्हंजे, बाई, आता दार आपुन उघडायचं. आन् वाटलं तर आपुन लावायचं. दुसऱ्या कुणी न्हाई."

शालननं हे ऐकून घेतलं. आईकडं, मग अधीक्षिकेकडं पाहिलं. मग ती आमच्या सगळ्यांमधून वाट काढत फाटकाकडं गेली. फाटक लोखंडी होतं, कडी तिच्या डोक्याच्या वर. टाचा उंचावून, दोन्ही हातांनी तिनं ती कडी वर ढकलली. पहिल्यांदा जमलं नाही. शिपाई मदतीला पुढं झाला तसा हौसानं त्याला हात आडवा केला. तिसऱ्या खेपेला कडी निघाली. पोरीनं अंगाचा भार टाकून फाटक उघडलं, बाहेर गेली, आत आली, पुन्हा बाहेर गेली आणि तिथूनच आईला हाक मारली.

हौसा उठली, पदर खोचला. माझ्या जवळून जाताना थांबली.

"तू आमच्या मागनं येऊ नगंस," ती म्हणाली.

मी तिथंच उभी राहिले. ती बाहेर पडली. आणि शालननं दोन्ही हातांनी फाटक ओढून घेतलं, नीट लागेपर्यंत.